प्रेक्षकाला हवाई छत्री नसते

६ ऑक्टोबर २०२४ रोजी, रविवारी, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या ९२व्या वर्धापनदिनानिमित्त विमानांच्या कसरती झाल्या. एकही विमान कोसळले नाही. एकाही वैमानिकाला खरचटले नाही. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळात पार पडला. आणि तरीही त्या दिवशी पाच प्रेक्षक मेले. आकाशातून त्यांच्यावर काही पडले नव्हते. ते उन्हाने, तहानेने आणि बाहेर पडण्याची वाट न मिळाल्याने मेले. दोनशेहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. गर्दी पंधरा लाखांची होती असे सांगण्यात आले आणि हा आकडा लिम्काच्या विक्रमग्रंथात जाणार, याचा गवगवा आधीपासून चालू होता. गर्दीचा विक्रम नोंदवायला पुस्तक असते. गर्दीत मेलेल्यांसाठी फक्त पोलीस ठाण्याची वही असते.

पुढे जे झाले ते आपल्या परिचयाचे आहे. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. विरोधकांनी सरकारवर टीका केली. हवाई दलाने मागितल्या त्याहून अधिक सोयी आम्ही पुरवल्या होत्या, असा खुलासा सरकारने केला. म्हणजे कोणी किती मागितले आणि कोणी किती दिले, हा दोन खात्यांमधला हिशेब होऊन बसला. जो मेला त्याने काय मागितले होते? एक तांब्याभर पाणी आणि स्टेशनापर्यंत जायला वाट!

ही परक्या शहराची बातमी आहे असे मुंबईकरांनी समजू नये. त्याच वर्षी १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस मरीन ड्राइव्हवर याच प्रकारच्या कसरती झाल्या होत्या. आपल्याकडे कोणी मेले नाही. त्यात नियोजनाचा वाटा किती आणि पौष महिन्यातल्या हवेचा वाटा किती, याचा जाहीर हिशेब कोणी मांडला आहे काय? सुदैवालाच व्यवस्था समजण्याची सवय राज्यकर्त्यांना लागली की एक दिवस हवा बदलते आणि माणसे मरतात.

त्या जानेवारीत मीही गेलो होतो. नातीचा हट्ट होता; आणि खोटे कशाला बोलू, मलाही कुतूहल होते. नायगावहून चालत दादर, तिथून गाडीने मरीन लाइन्स. सूर्यकिरण पथकाची विमाने रांगेत वळत होती तोपर्यंत नात टाळ्या वाजवत होती. मग लढाऊ जेट आले. आधी विमान दिसले, ते पुढे निघून गेले, आणि त्यानंतर तो आवाज आला. आवाज कसला, छातीवर बसलेला गुद्दाच तो! पोर माझ्या पोटाशी तोंड खुपसून रडू लागली. भोवतालची माणसे हसली. मीही हसलो, कारण अशा वेळी हसणे हेच देशप्रेम समजले जाते.

घरी परतताना मला १९७१ चा डिसेंबर आठवला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, चाळीत अंधार, आणि वरून विमानाची घरघर आली की ते आपले की परके, हे कळेपर्यंत कोणी बोलत नसे. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. वीस वर्षे साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. धोक्याचा भोंगा त्यांना ऐकूच येत नसे. आई अंधारात त्यांचा खांदा हलवून सांगे, “अहो, भोंगा झाला, दिवा मालवा.” युद्धाचा भोंगासुद्धा ज्याच्यापर्यंत पोचत नाही, इतका बहिरा त्या गिरणीने एक माणूस करून सोडला होता, आणि गिरणीच्या ताळेबंदात त्याच्या कानांची किंमत कोणत्याही रकान्यात नव्हती.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाच्या वहीत चढत नाही आणि तिसऱ्याच्या अंगावर पडतो, तो बाह्य खर्च. चाळीस वर्षे वर्गात मी ही व्याख्या फळ्यावर लिहिली. तिचा खरा अर्थ मी आमच्या खोलीतच शिकलो होतो. हवाई कसरतींचा प्रश्न माझ्या मते नेमका हाच आहे: देखाव्याचे श्रेय शासनाच्या खात्यावर जमा होते आणि देखाव्याचा धोका प्रेक्षकाच्या खात्यावर खर्ची पडतो.

आवाजापासूनच सुरुवात करू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आहे. कारखाने कायद्याखालील नियमांनी कामगाराला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घालून दिली होती, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद करावयाचा व्यवसायजन्य रोग म्हणून दिलेला होता. डेसिबल ही साध्या बेरजेची मोजपट्टी नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. जादा इंधन जाळून वेग घेणारे लढाऊ जेट जवळून गेले तर त्याचा आवाज १२० डेसिबलच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो.

यावर कोणी म्हणेल की हा आवाज काही क्षणांचा, तो गिरणी कामगाराच्या आयुष्यभराच्या आवाजाशी तोलता येणार नाही. हे मला मान्य आहे. परंतु मग एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. धावपट्टीवर काम करणारा हवाई दलाचा कर्मचारी चालू इंजिनाजवळ कानांवर संरक्षक चढवल्याशिवाय जात नाही. तो प्रशिक्षित, धडधाकट तरुण असतो. मग कडेवरच्या तान्ह्या मुलाला, हृदयविकार असलेल्या वृद्धाला, चर्नी रोडपासून मरीन लाइन्सपर्यंतच्या रुग्णालयांत खाटेवर पडलेल्या रोग्याला निदान आगाऊ सूचना देण्याचेही कर्तव्य कोणाचे नाही काय? गणेशोत्सवातल्या मंडळाच्या ध्वनिक्षेपकासमोर डेसिबल मोजण्याचे यंत्र धरणारे शासन आकाशाकडे पाहताना ते यंत्र खिशात का ठेवते?

आता सुरक्षिततेकडे वळू. जगात हवाई कसरतींचे जे नियम आज आहेत ते कोणा शहाण्याच्या डोक्यातून निघालेले नाहीत. ते प्रेक्षकांच्या रक्तातून निघालेले आहेत. १९५२ साली इंग्लंडात फार्नबरो येथे एक विमान हवेतच फुटले आणि त्याचे अवशेष गर्दीत कोसळले; विमानातील दोघे आणि २९ प्रेक्षक ठार झाले. त्यानंतर प्रेक्षकांच्या दिशेने विमान आणण्यावर तेथे बंधने आली. १९८८ साली पश्चिम जर्मनीत रामस्टाइनच्या तळावर इटालियन पथकाची विमाने एकमेकांवर आदळली, त्यांतले एक गर्दीत घुसले आणि सत्तर माणसे मेली. २००२ साली युक्रेनमध्ये ल्विवजवळ सुखोई-२७ जातीचे विमान प्रेक्षकांत कोसळले. ७७ मेले, त्यांत २८ मुले होती. दोघे वैमानिक आसनासकट बाहेर फेकले गेले, हवाई छत्रीने उतरले आणि वाचले. त्यांच्या वाचण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या मैदानावरचा भेद लक्षात घ्यावा: ज्याच्या हाती विमान होते त्याला निसटण्याची सोय होती, ज्याच्या डोक्यावर ते विमान होते त्याला नव्हती. २०१५ साली इंग्लंडातच शोरहॅम येथे जुने हंटर विमान शेजारच्या हमरस्त्यावर कोसळून अकरा माणसे मेली. ती कार्यक्रमाच्या आवाराबाहेर होती.

या घटनांतून जो धडा निघाला तो साधा आहे. विमानाने गर्दीवरून वा गर्दीच्या रोखाने जाऊ नये. आणि प्रेक्षक व विमानाचा मार्ग यांत आखलेले अंतर असावे. अमेरिकेत वेगवान जेटसाठी ते १,५०० फूट आहे. आपल्याकडेही धोका काल्पनिक नाही. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या बेगमपेठेत नौदलाच्या सागर पवन पथकाचे विमान वस्तीतल्या इमारतीवर कोसळले. दोन वैमानिक मृत्यू पावले आणि खालची माणसे जखमी झाली. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरात सरावाच्या वेळी सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात आपले तेजस कोसळले आणि त्याचा वैमानिक गेला. ही माणसे शूर होती. त्यांच्या शौर्याचा मान राखण्याची रीत म्हणजे त्यांच्या मृत्यूंपासून शिकणे. मरीन ड्राइव्हला समोर समुद्र आहे, ही सोय खरी. पण पाठीशी गिरगाव आहे, हे विसरून चालणार नाही.

तथापि चेन्नईने शिकवलेला धडा याहून निराळा आहे. विमान पडले नाही तरी प्रेक्षक मरतो. आणि हा धडा महाराष्ट्राने त्याच्या दीड वर्ष आधीच घ्यायला हवा होता. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात मान्यवरांच्या डोक्यावर मंडप होता आणि लाखो श्रीसदस्यांच्या डोक्यावर उघडे ऊन होते. १४ जण उष्माघाताने मेले. तेथेही प्रत्येकी पाच लाख! एक राज्य या पक्षाचे, दुसरे त्या पक्षाचे. एका ठिकाणी पुरस्कार, दुसऱ्या ठिकाणी विमाने. पण गरीब प्रेक्षकाच्या जिवाचा भाव मात्र दोन्हीकडे एकच.

हे टाळता येत नाही, असे नाही. मोजणीला फारशी विद्या लागत नाही. मरीन ड्राइव्हची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. समजा प्रेक्षकांसाठी सरासरी दहा मीटर रुंदीची पट्टी ठेवली, तर ३५,००० चौरस मीटर जागा झाली. लहान मुलांसकट निवांत उभे राहता यावे म्हणून चौरस मीटरला दोन माणसे धरली, तर सत्तर हजार. याहून अधिक माणसे बोलवायची असतील तर दुसरी जागा, दुसरा दिवस किंवा दुसरी वेळ शोधली पाहिजे. पण लाखांचे आकडे अभिमानाने सांगणाऱ्यांपैकी कोणीही सत्तर हजारांचा हा हिशेब करताना दिसत नाही. कारण तिकीट नाही, म्हणून मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही म्हणून जबाबदारी नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला सत्ताधाऱ्यांचा: हे प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अपमान. आपल्या परळच्या लोकांनी याचे उत्तर द्यावे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली, त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल लष्कराने बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. आमच्या वस्तीने त्या दिवशी जवानांना मनापासून दुवा दिला. सैन्याबद्दल आदर कसा असतो हे आम्हाला कोणी शिकवू नये. तो पूल मुलकी कारभाराने आधी का बांधला नाही, हा आमचा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे आणि मला तो अधिक अस्वस्थ करतो. एका सभेनंतर काही तरुण मला म्हणाले की, सर, हा सारा युद्धज्वराचा तमाशा आहे, आपण त्यावर बहिष्कार घालावा. गर्दी सोयीची झाली तर आपण तमाशालाच हातभार लावू. या म्हणण्यात तथ्यांश आहे, पण त्यात तिथे जाणाऱ्या माणसाबद्दलची तुच्छताही आहे. बीडीडी चाळीतला बाप मुलांना घेऊन मरीन ड्राइव्हला जातो तो युद्ध हवे म्हणून जात नाही. या शहरात फुकट मिळणारे कौतुक फार थोडे उरले आहे, म्हणून तो जातो. त्याला आधी शहाणे करू आणि मग त्याच्या जिवाची काळजी करू, ही भूमिका समाजवाद्याची असू शकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. पहिली, मुंबईत असा कार्यक्रम पुन्हा ठरेल तेव्हा जागेची क्षमता, बाहेर पडण्याचे मार्ग, पाणी, सावली, रुग्णवाहिका आणि जादा गाड्या यांचा आराखडा निदान पंधरा दिवस आधी जाहीर व्हावा. दुसरी, प्रेक्षक आणि विमानांचा मार्ग यांतील अंतर लेखी ठरवून तेही जाहीर करावे. तिसरी, रुग्णालयांना व रहिवाशांना वेळापत्रक कळवावे, आणि लहान मुलांच्या कानांसाठी कापसाचे बोळे तरी प्रवेशापाशी द्यावेत. तो खर्च एका उड्डाणाच्या इंधनापुढे क्षुल्लक आहे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: जबाबदार अधिकारी एकच असावा आणि त्याचे नाव आधीच जाहीर असावे. भरपाई ही मुख्यमंत्र्यांच्या औदार्यातून येऊ नये. ती कायद्याने बांधलेली असावी. ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला त्याच्या परिणामांचे दायित्व निरपवाद आहे. कारखानदाराला जे लागू, ते डोक्यावरून जेट नेणाऱ्या सरकारला का लागू नसावे?

आपल्या शाखांनी हे निवेदन महापालिका, पोलीस आयुक्त आणि संरक्षण मंत्रालय यांना द्यावे. त्यासाठी पुढच्या कार्यक्रमाची, आणि त्याहून म्हणजे पुढच्या पाच मृत्यूंची, वाट पाहू नये. माझ्या वडिलांच्या कानांचा हिशेब कोणीच मागितला नाही, कारण तेव्हा बहिरेपण हे नशीब समजले जात असे. नातीच्या बाबतीत ती चूक मला पुन्हा करायची नाही.