समजून घ्या : तोंडातला काळा डाग दरवेळी मिश्रीचाच नसतो

दिवाळी सरली की शिरूर कासार तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत मुक्काम फडावरच. त्या काळात हिरडीवर काळा डाग दिसला, तर 'मिश्रीचा असेल'. नाकातून रक्त आलं, तर 'उष्णता झाली'. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ज्यांच्या बाबतीत नसतं, त्यांच्यासाठी हे पाच-सहा महिने फार महाग पडतात.

नेमका आजार काय?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाक, सायनस आणि तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातही असतात. तिथे त्यांचा कर्करोग झाला, तर त्याला म्युकोसल मेलानोमा म्हणतात. त्वचेच्या मेलानोमाचा उन्हाशी संबंध असतो, याचा नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या नेहमीच्या कर्करोगाहूनही हा वेगळा आहे. एकूण मेलानोमांपैकी जेमतेम १ ते २ टक्के असे असतात. त्यातले साधारण निम्मे डोकं आणि मानेच्या भागात होतात.

कशाकडे लक्ष द्यायचं?

एकच नाकपुडी सतत चोंदणं, तिच्यातूनच वारंवार रक्त येणं. टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर नवा काळा-तपकिरी डाग येणं, तो वाढणं किंवा फुगणं. दुखणं सुरुवातीला नसतंच, म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. काही गाठींना तर रंगही नसतो. निदान बायोप्सीनेच होतं.

उशीर का परवडत नाही?

बहुतेक कर्करोगांचे टप्पे पहिल्यापासून मोजतात. डोकं-मानेच्या या मेलानोमाची मोजणी मात्र तिसऱ्यापासूनच सुरू होते, गाठ कितीही लहान असली तरी. शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार, गरजेनुसार त्यानंतर रेडिएशन. आजार पसरला तर इम्युनोथेरपीचा पर्याय असतो, पण ती महाग आहे आणि प्रत्येकाला लागू पडतेच असं नाही.

मग करायचं काय?

इतक्या दुर्मिळ आजारासाठी वेगळी मोहीम काढा, असं कुणी म्हणणार नाही. गरजही नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या लोकांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होतेच. पांढरे-लाल चट्टे शोधताना टाळूवर बॅटरी मारून काळा डागही पाहावा आणि 'एकाच नाकपुडीतून रक्त येतं का?' हा प्रश्न विचारावा. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त ते टोळ्या निघण्याआधी व्हायला हवं. गावं रिकामी झाल्यावर शिबिर घेऊन उपयोग नाही.

संशय आलाच, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाता येतं. उचल घेतलेल्या मजुराला फड सोडून तिथे जाणं सोपं नाही. म्हणूनच ही तपासणी त्याच्या गावात, कोयता निघण्याआधी झाली पाहिजे.