शेजाऱ्यांचं इंग्रजी नाव

आमच्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. इंग्रजी भाग इमारतीतल्या एका कॉलेजकन्येनं मन लावून लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आणून दिला. परिसराचा इतिहास सांगताना तिनं लिहिलं होतं की, इमारती उभ्या राहण्याआधी इथे ‘पोर्तुगीज’ लोकांचं गाव होतं. पुढच्या परिच्छेदात तेच लोक ‘गोवन’ झाले होते आणि शेवटी नुसतेच ‘लोकल ख्रिश्चन्स’. आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे ज्यांचं गावठाण आहे, ज्यांच्या शेतांवर आमची इमारत उभी आहे, त्यांचं नाव तीनदा घेतलं गेलं आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. फ्लॅटच्या जाहिराती आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिका वाचून कुणीही हेच लिहील.

हे लोक ईस्ट इंडियन. मुंबई, साष्टी, ठाणे, उत्तन या भागातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. पोर्तुगीज अमलात यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. त्याआधी ते इथलेच कोळी, भंडारी, कुणबी, आगरी असे सगळे होते. आडनावं परेरा, डिमेलो, बॅप्टिस्टा अशी आली, बोली मात्र मराठीच राहिली. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन ‘आगेरा’ साजरा करायचा, मे महिन्यात मिरच्या नि गरम मसाले भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून वर्षाची बेगमी करायची. तो मसाला कुटला जात असतो तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ठसका येतो. म्हाताऱ्या बायकांचं नेसणं लुगड्याचं. यातलं पोर्तुगालचं किती, हे ज्याचं त्यानं पाहावं.

पश्चिम किनाऱ्यावरची माणसं ‘ईस्ट’ कशी, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर इतिहासात आहे. १६६१च्या विवाह-करारात मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळालं, १६६५ साली प्रत्यक्ष ताब्यात आलं आणि १६६८ साली राजानं ते वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. साष्टीचं वेगळं झालं. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. साष्टी पुढे १७७४ साली इंग्रजांनी घेतली. म्हणजे वांद्र्या-मालाडच्या या माणसांनी पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशी तीन राज्यं पाहिली, आणि पोर्तुगीज राज्य सरलं त्याला आता पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली.

तरीही सरकारी दप्तरात ते ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’च राहिले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, गोद्या, कचेऱ्या वाढल्या, तसे गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक मोठ्या संख्येनं मुंबईत आले. त्यांचीही नावं तशीच, प्रार्थनाही तीच, त्यामुळे इंग्रज साहेबाच्या टेबलावर सगळे एकाच सदरात पडले. गोव्याचा माणूस तेव्हा खरोखरच पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन होता. इथला माणूस जन्मानं इंग्रजांच्या राज्यातला, आणि नोकरीच्या अर्जावर मात्र परका. म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, या लोकांनी स्वतःसाठी नाव निवडलं: ईस्ट इंडियन. आम्ही कंपनीच्या काळापासूनचे इथले, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली.

राणीच्या महोत्सवात घेतलेलं, कंपनीशी नातं सांगणारं नाव आज काहींना लाचारीचं वाटतं. मी तसं मानत नाही. ज्या दारावर नोकरी मागायची, त्या दारापलीकडच्याला कळेल अशा भाषेत त्यांनी आपली ओळख लिहिली. आणि हेच नाव धारण करणाऱ्या समाजातून जोसेफ बॅप्टिस्टा आले. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले हे बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. टिळकांच्या १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. १९२० साली देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना, आयटक, उभी करणाऱ्यांपैकी एक. १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. टिळकांवरची भाषणं ऐकत आपण मोठे झालो, त्यांत काका बॅप्टिस्टांचं नाव किती वेळा आलं? आणि आलं तेव्हा ते आपल्या मुंबईतल्या एका गावचे होते, हे कुणी सांगितलं?

इंग्रजीत लिहिताना आणखी एक अडचण आहे आणि ती खरी आहे. नुसतं ‘ईस्ट इंडियन’ लिहिलं तर परदेशातला वाचक भलतंच समजेल. त्रिनिदाद आणि गयानात हा शब्द उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या भारतीयांच्या वंशजांसाठी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात मिश्र वंशाचे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवत. त्यांच्यातलेच कवी डेरोझिओ यांनी १८३१ साली काढलेल्या पत्राचं नावच ‘द ईस्ट इंडियन’ होतं. त्या लोकांना पुढे १९११च्या जनगणनेपासून ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव मिळालं. मुंबईच्या ईस्ट इंडियनांना पुष्कळ जण अँग्लो-इंडियन म्हणतात, ते याच गोंधळातून. म्हणून मी त्या मुलीला सुचवलं की, पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘मुंबईचे मराठीभाषक ईस्ट इंडियन कॅथलिक’ असं पुरतं लिही. चार शब्द जास्त जातील, जाऊ देत.

घरांचंही तेच. गिरगावच्या खोताच्या वाडीतले लाकडी जिने आणि पडव्या इंग्रजी लेखांत हटकून ‘पोर्तुगीज स्टाइल’ होतात. मुंबई बेटावरून पोर्तुगीज अंमल १६६५ साली गेला. आज दिसणारी ती घरं त्यानंतर फार उशिरा बांधलेली. घरबांधणीत काही लकबी तिकडून आल्या असतील, पण मालक इथले होते, सुतार इथले होते, पावसाळा इथला होता. दादरच्या चर्चला बसचा कंडक्टर ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो ते मला खटकत नाही, कारण १५९६ साली ते पोर्तुगीज काळातच उभं राहिलं. आजची वास्तू चार्ल्स कोरियांनी १९७०च्या दशकात रचलेली आहे. देवळाचं जुनं नाव राहू द्यावं. रविवारी तिथे जाणाऱ्या माणसांना मात्र ते चिकटवू नये.

या सगळ्या शब्दांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती ‘स्लम’ची. ‘पोर्तुगीज’ म्हटल्यानं माणूस दुखावतो. ‘स्लम’ म्हटल्यानं त्याची जमीन जाऊ शकते. १९७१च्या झोपडपट्टी कायद्याखाली एखादी वस्ती तशी घोषित झाली की पुनर्विकासाची वेगळीच यंत्रणा सुरू होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या घराचा मालक असलेला माणूस ‘पात्र’ की ‘अपात्र’ या यादीत आपलं नाव शोधू लागतो. मुंबईतल्या कोळीवाड्यांनी आणि गावठाणांनी या शिक्क्याविरुद्ध वारंवार आवाज उठवला आहे. गल्ली अरुंद आहे, घरं एकमेकांना चिकटून आहेत, हे खरं. गाव असंच असतं. बाजूला शहर आलं म्हणून ते झोपडपट्टी होत नाही. सोसायटीच्या पत्रात, पालिकेकडच्या तक्रारीत, पाणी तुंबल्याच्या अर्जात ‘शेजारची स्लम’ असं सहज लिहून जाणाऱ्यांनी हात आवरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिथे ‘गावठाण’ लिहावं. महसूल खात्याला तो शब्द ठाऊक आहे आणि इंग्रजी कागदपत्रांतही तो जसाच्या तसा चालतो.

नावाच्या बाबतीत वसईबद्दल मात्र सावध राहावं लागतं. तिथेही मराठी कॅथलिकांची गावं आहेत, म्हणून ईस्ट इंडियन हे नाव त्या सगळ्यांवर सरसकट टाकून भागणार नाही. उत्तर वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाची, म्हणजे कुपारींची, स्वतःची कादोडी बोली आहे. वाडवळ ख्रिस्ती वेगळे, कोळी ख्रिस्ती वेगळे. त्यांतले सगळेच स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवत नाहीत. तिथल्या माणसाबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं, तर त्याच्या अंगणात बसून त्यालाच विचारावं लागेल, आणि पुढच्या गावात पुन्हा विचारावं लागेल.