आयपी बदलू नका, मॅक वाचा!

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. "आयपी कॉन्फ्लिक्ट आला? मग आयपी बदलून टाका!" म्हणणाऱ्या जमातीशी.

डोंबिवली एमआयडीसीतलं कुठलंही छोटं ऑफिस डोळ्यासमोर आणा. एक सर्व्हर, त्यावर टॅली, पंधरा-वीस पीसी. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत म्हणून मेंटेनन्सवाला त्यांचं टीमिंग करून जातो. "एक केबल गेली तरी दुसरी आहे, साहेब!" मग एके दिवशी पगाराच्या ऐन वेळी सर्व्हर तक्रार करतो, माझा पत्ता दुसरंच कोणीतरी वापरतंय. टॅली अडकतं. संशयित कोण? तर परवाच नोकरीला लागलेल्या पोराचा लॅपटॉप! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

आता प्रकार काय होतो ते बघा. एआरपी हा १९८२ सालचा अगदी भोळा प्रोटोकॉल. "हा आयपी कोणाचा?" अशी हाक द्यायची आणि जो "माझा" म्हणेल त्याचा मॅक खरा मानायचा. २००८ साली आरएफसी ५२२७ ने नियम घातला की आपल्या आयपीवर दुसऱ्या मॅकने दावा केला तर तो कॉन्फ्लिक्ट. पण त्यातच बजावलंय की तो मॅक आपल्याच एखाद्या कार्डाचा नाही ना, हे आधी बघा.

टीमिंग नेमकी इथेच गोची करतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा व्यवहार टीमच्या एका आभासी कार्डाशी, खरी कार्डं ड्रायव्हरच्या आड. मोड चुकीचा असेल आणि स्विचला टीमिंगची खबरच नसेल, तर एका कार्डाने घातलेली हाक स्विच दुसऱ्या कार्डात आणून सोडतो. चांगला ड्रायव्हर ती गाळतो, पण सगळे ड्रायव्हर चांगले नसतात. म्हणजे पुढच्या दारातून "हे घर जोशांचं" असं ओरडायचं आणि मागच्या दारातून तोच आवाज आत आला की "हा तोतया जोशी कोण?" म्हणून काठी शोधायची!

अशा वेळी आयपी बदलून काय होणार? नवा पत्ता, जुनाच प्रतिध्वनी. वर जुन्या आयपीवर बेतलेलं बाकी सगळं बंद पडतं ते वेगळंच.

करायचं एवढंच. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये ४१९९ नंबरची नोंद शोधा. भांडणाऱ्या समोरच्याचा मॅक त्यात लिहिलेला असतो. तो सर्व्हरच्या प्रत्येक कार्डाच्या मॅकशी ताडून बघा. जुळला तर चोर घरातलाच! मग सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे एलएसीपी लावा, नाहीतर एक कार्ड चालू, एक राखीव असा साधा मोड ठेवा. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. तिथल्या बाँडिंगचा न सांगता मिळणारा मोड राउंड-रॉबिन आहे, आणि त्यालाही स्विचची साथ लागते.

कोणी म्हणेल, "पण खरंच कोणी लॅपटॉपवर तोच आयपी टाकला असेल तर?" असेलही की! तेही तोच मॅक सांगेल. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता कोणावर आळ घेणं हा निव्वळ आळस आहे.

आणि "दोन आहेत म्हणजे निर्धास्त" हा भ्रम तर सोडाच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा ऊर्जामंत्र्यांनी कारण सांगितलं होतं की कळवा-पडघा इथे एक सर्किट दुरुस्तीला होतं, भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला. आपल्या दोन केबली तर बहुतेक वेळा एकाच स्विचमध्ये, एकाच प्लगवर. त्याला राखीव व्यवस्था म्हणायचं?

असो. टीमिंग वाईट नाही. पण जे लावलं ते कसं चालतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते लावू नये. निदान त्या नव्या पोराचा लॅपटॉप तरी काढून घेऊ नये.