चुकणारा रोबो हवा

पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आणि २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गातही कृत्रिम बुद्धिमत्ता. घोषणांना तोटा नाही. त्यामागोमाग शाळेत खोकी येतात. चाके, मोटारी, सेन्सर निघतात, मुले पुस्तिकेबरहुकूम ते जोडतात, आयता प्रोग्राम भरतात, गाडी काळ्या पट्टीवरून धावते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. यात विज्ञान शिकवले कुठे? गाडी चुकते तेव्हा विज्ञानाचा तास सुरू होतो. नेमका तोच तास आपण मुलांकडून हिरावून घेतो आहोत.

दोन्ही मोटारींना सारखाच हुकूम दिला तरी गाडी डावीकडे का ओढते? चाकाचे घर्षण, एका बाजूला जास्त झालेले वजन की मोटारींतलाच फरक? बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून एकेक कारण तपासायचे, प्रयोग म्हणतात तो हाच. पट्टी ओळखणारा सेन्सर खिडकीतल्या उन्हात गोंधळतो, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात. अंतर मोजणारा सेन्सर ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकतो. प्रोग्राममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर लिहिलेला असतो. विदर्भातल्या ४० अंशांच्या दुपारी तो ३५५ च्या आसपास जातो आणि एक मीटरवरची भिंत गाडीला सुमारे चार सेंटीमीटर जवळ भासते. सातवीच्या मुलीला हा फरक पट्टीने मोजू द्या. तापमान आणि ध्वनीचा संबंध तिला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

चुकांतून शिकवण्याची ही कल्पना नवी नाही. गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. मुलाने आपली चूक शोधावी, दुरुस्त करावी आणि त्यातून विचार करायला शिकावे, हा तिचा गाभा. आपण यंत्र उचलले आणि गाभा टाकून दिला.

का? चुकीला वेळ लागतो, आणि चुकीपाशी मुलासोबत बसायला शिक्षक लागतो. अटल प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण त्या टेबलापाशी उभा राहील असा विज्ञानाचा शिक्षक कुठे आहे? नव्या शैक्षणिक धोरणाने कोडिंग आणले ते सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. महाराष्ट्रात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेतील शिक्षकपदे ठरवणाऱ्या, शासन निर्णयाने त्याच वर्गांत पट २० च्या खाली गेला की शिक्षकाचे पदच नाकारले. डोंगरातल्या, पाड्यावरच्या मुलांना कोडिंग कोण शिकवणार? ज्यांना शिक्षक मिळाला, त्यांचा शिक्षक मतदार याद्यांच्या कामात अडकलेला. रोबोचे सोडा, कित्येक शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो आणि प्रयोगवह्या फळ्यावरून उतरवल्या जातात. त्याच कपाटात उद्या रोबोही जाईल.

सरकारने आधी ही पदे परत द्यावीत. प्रत्येक प्रयोगशाळेमागे विज्ञानाच्या एका शिक्षकाला पुरेसे प्रशिक्षण आणि आठवड्याच्या वेळापत्रकात सलग दोन तासिका द्याव्यात. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने गाडी धावते का, हे पाहू नये. कालची गाडी कुठे चुकली आणि ते कसे शोधले, हे मुलांना विचारावे.