घण ठेवा, बोल्ट घ्या

आमच्या हिंडलग्यात पावसाळ्यात गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली की चाकांना गंज चढणारच. गणपतीला पुण्या-बंगळूरची मुलं घरी आली की तीच गाडी आंबोली घाटाने सावंतवाडीला नाहीतर चोर्ला घाटाने गोव्याला निघते. घाट उतरताना सगळा भरवसा ब्रेकवर. म्हणून झिजलेले पॅड आणि डिस्क निघण्याआधीच बदलायला हवेत. पण काम नेमकं तिथेच अडतं. कॅलिपर सुटतो, डिस्क मात्र हबवरून हलत नाही.

याचं कारण आजीच्या स्वयंपाकघरात सापडेल. ब्रेकची डिस्क बहुधा बिडाची असते, तव्यासारखी. तवा ओला ठेवला की रात्रीत तांबूस होतो. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांमुळे बीड बेळगावकरांना नवं नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. हब आणि डिस्क यांच्यातली केसभर फट तो भरून टाकतो आणि दोघांना जखडतो.

अशा वेळी हात घणाकडे जातो. पण जोराचे घाव चाकाच्या बेअरिंगलाही बसतात. त्याआधी डिस्कचा मधला भाग नीट पाहा. बऱ्याच गाड्यांत तिथे आटे पाडलेली दोन भोकं असतात. मागच्या चाकांना ड्रम असले तर त्यांवरही बहुधा असतात. ती याच कामासाठी ठेवलेली आहेत. बऱ्याचदा 8 मिमीचे बोल्ट बसतात. आधी हाताने फिरवून आटे जुळतात का ते बघा. मग एक बोल्ट अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, असे आळीपाळीने आवळत जा. बोल्टचं टोक हबवर टेकतं आणि डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते.

तरीही हलली नाही तर जोर वाढवू नका. सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ थांबा, स्टडच्या मधल्या जागी हातोडीने हलके ठोका आणि पुन्हा बोल्ट आवळा. डिस्कला छोटा स्क्रू लावलेला असेल तर तो आधी काढा. मागची डिस्क असेल तर हँडब्रेक सोडलेला हवा.

जपण्याच्या गोष्टीही सांगतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. तेल पॅडला किंवा डिस्कच्या घासणाऱ्या भागाला लागता कामा नये.

नवी डिस्क बसवण्याआधी हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. इथे कंटाळा करू नका. गंजाचा पातळ थर राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक लावताना पेडल थरथरतं. डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या जोडीने बदला.

शेवटी गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबा, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय खालीच जातो. मग सपाट रस्त्यावर हळू एक फेरी मारून बघा. ब्रेक बरोबर लागला, तरच घाटाकडे वळा. आणि मनात जरा जरी शंका असेल, तर मेकॅनिकला दाखवूनच निघा.