जखमा दोघांच्या, सवलत एकालाच

इंग्रजी लोकप्रिय कादंबरीच्या बाजारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक प्रकार चांगलाच रुजला आहे. अमेरिकेतले एखादे आडगाव, तिथे मोटरसायकलवाल्यांचा क्लब. रविवारी सकाळी फेरफटका मारून घरी परतणारे हे हौशी मंडळ नव्हे. शस्त्रांची नाहीतर अमली पदार्थांची ने-आण हा याचा धंदा, आणि गावात पोलिसांपेक्षा क्लबच्या अध्यक्षाचा शब्द मोठा. नायक या क्लबचा. युद्ध किंवा तुरुंग पाहून आलेला, कुणावर विश्वास न टाकणारा. नायिका मारकुट्या नवऱ्याच्या किंवा बापाच्या हातून कशीबशी सुटलेली. मग ओढाताण, रक्तपात, प्रेम आणि शेवटी संसार. क्रिस्टन ॲशलीची 'मोटरसायकल मॅन' २०१२ मध्ये आली, जोआना वाइल्डची 'रीपर्स प्रॉपर्टी' २०१३ मध्ये, टिली कोलची 'इट एन्ट मी, बेब' २०१४ मध्ये. पुढे अशा पुस्तकांची रीघ लागली. ही पुस्तके गुंडगिरीचे उदात्तीकरण करतात, हा त्यांच्यावरचा ठरलेला आक्षेप. मला तो फारसा वजनदार वाटत नाही. चाच्यावर आणि दरोडेखोरावर जीव जडवणारी नायिका कथावाङ्मयात फार जुनी आहे. माझा आक्षेप हिशेबाबद्दल आहे. दोघेही जखमी आहेत, असे ही कादंबरी सांगते. पण त्याची जखम त्याला सवलत मिळवून देते आणि तिची जखम तिच्यावर समजून घेण्याची जबाबदारी टाकते. हा दुजाभाव वाचकाला खटकू नये, याची तजवीज क्लब करतो.

आधी या प्रकाराच्या बाजूने जे आहे ते सांगायला हवे. जखमी पुरुषांचा क्लब ही कल्पना हवेतून आलेली नाही. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या लहानशा गावात अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनचा मेळावा भरला. गर्दी आवाक्याबाहेर गेली, भररस्त्यात शर्यती लागल्या, दारू वाहिली, धरपकड झाली. 'लाइफ' मासिकाने बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात मोटरसायकलवर रेललेल्या एका माणसाचे छायाचित्र छापले. ते मुद्दाम जुळवून घेतले होते का, यावर आजही वाद आहे. याच प्रसंगाच्या धाग्यावरून १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' आला, आणि ब्रिटनच्या चित्रपट परीक्षण मंडळाने त्याला १९६७ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. दरम्यान १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातच हेल्स एंजल्स उभे राहिले होते. या सुरुवातीच्या क्लबांमध्ये दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या तरुणांचा भरणा मोठा होता. फौजेतली शिस्त, जिवाला जीव देणारे सोबती आणि रोजचा धोका यांची सवय झालेल्या या पोरांना घर आणि नोकरी यांत करमेना. त्यांना काय झाले आहे याचे नावही तेव्हा धड ठरले नव्हते. युद्धासारख्या आघातानंतर मागे उरणाऱ्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. व्हिएतनामहून परतलेल्यांची पुढची पिढी तोवर क्लबांत शिरलीही होती. तेव्हा नायकाची जखम खरी आहे, आणि क्लब त्या जखमेवरचा एक इलाज होता, हेही खरे आहे. प्रश्न आहे तो या इलाजाचा खर्च कोण भरते, हा.

'रीपर्स प्रॉपर्टी'चे कथानकच पाहा. मेरीचा भाऊ क्लबच्या पैशांत हात मारतो. भावाचा जीव वाचावा म्हणून क्लबने सांगितल्यावर मेरी तारण म्हणून हॉर्स या सभासदाच्या घरी जाते. ती आधीच मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेली आहे. म्हणजे गोष्ट सुरू होते तेव्हा तीन पुरुषांच्या करणीचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्यावर आहे: नवऱ्याचे, भावाचे आणि क्लबचे. टिली कोलच्या कादंबरीत नायक स्टिक्सला बोलताना इतका अडथळा येतो की तो हातांच्या खुणांनी बोलतो. मोजक्या माणसांसमोरच त्याची जीभ सुटते, आणि नायिका त्यांतली एक. कल्पना म्हणून हे सुंदर आहे. पण नायिका मे कुठून आली आहे? एका धर्मपंथाच्या कुंपणाआड वाढून, लहानपणापासून अत्याचार सोसून, जीव घेऊन पळालेली ही मुलगी. तिला आसरा कुठे मिळतो, तर दुसऱ्या कुंपणाआड. तिथेही नियम पुरुषांचे आणि बाहेरचे जग शत्रूचे. त्याची जखम तिच्या सहवासात भरून येते, हे कादंबरी मन लावून दाखवते. तिच्या जखमेला मात्र मोकळे जग मिळत नाही, फक्त आधीच्यापेक्षा बरा पहारेकरी मिळतो. आपल्याकडे हे गणित परके नाही. तापट आहे पण मनाने चांगला आहे, तूच जरा सांभाळून घे, हे वाक्य नव्या सुनेला ऐकवायला कुणालाही मोटरसायकल लागत नाही.

क्लबशिवाय हे गणित इतके उघडे पडले असते की कादंबरी उभीच राहिली नसती. अशा क्लबची मांडणी समजून घेण्यासाठी त्यांचे बिनबाह्यांचे जाकीट पुरेसे आहे. डेनिमचे किंवा कातड्याचे. पाठीवर तीन तुकडे शिवलेले असतात: वर कमानीसारख्या पट्टीवर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह, खाली दुसऱ्या पट्टीवर इलाखा. उमेदवाराला हे तिन्ही तुकडे एकदम मिळत नाहीत. तो आधी महिनोन्महिने पडेल ते काम करतो, मग सभासद मत देतात आणि तेव्हा कुठे पाठ पूर्ण होते. बाई सभासद होऊ शकत नाही, बैठकीत बसू शकत नाही, मत देऊ शकत नाही. काही क्लबांमध्ये तिलाही जाकीट मिळते. त्यावर ती अमक्याची मालमत्ता असल्याचे पाठभर लिहिलेले असते. कादंबरीकार या पट्टीचा अर्थ फिरवतात. आता हिला कोणी हात लावणार नाही, ही संरक्षणाची खूण आहे, असे नायिकेला कुणीतरी समजावते आणि तिला ते पटते. हा युक्तिवाद आतून बिनचूक आहे. त्या जगात पट्टी नसलेल्या बाईवर खरोखरच कुणीही हक्क सांगू शकतो. पण ज्या धोक्यापासून पट्टी वाचवते, तो धोका क्लबनेच तयार केलेला असतो. खंडणीखोराने दुकानदाराला दिलेली हमी आणि ही हमी यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही.

या प्रकाराला खतपाणी घातले ते २००८ ते २०१४ या काळात चाललेल्या 'सन्स ऑफ अनार्की' या अमेरिकन मालिकेने. कर्ट सटर यांनी ती 'हॅम्लेट'चा सांगाडा डोळ्यांसमोर ठेवून रचली. जॅक्स टेलर हा क्लबच्या संस्थापकाचा मुलगा. बाप गेलेला, धाकटा भाऊ लहानपणीच गेलेला. टारा नोल्स ही त्याची शाळेतली मैत्रीण, आता अर्भकांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. जॅक्सचे बाळ दिवस भरण्याआधीच जन्माला येते, हृदयात दोष घेऊन, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत टारा असते. जॅक्सच्या हिंसेमागे बापाचे मरण आहे, आईचे डावपेच आहेत, क्लबचा वारसा आहे; मालिका सात पर्वे ही कारणे पुरवत राहते. टाराच्या वाट्याला काय येते, तर चौथ्या पर्वात तिला पळवून नेण्याचा प्रयत्न होतो, आणि त्या झटापटीत व्हॅनच्या दारात तिचा हात चिरडतो. शल्यविशारदाचा हात. जॅक्सशी काहीही संबंध नसता तरी जे तिचे असते, असे एकच काम तिच्याकडे होते. क्लब नेमके तेच घेतो. पुढे ती मुलांना घेऊन गाव सोडण्याची धडपड करते, आणि सहाव्या पर्वाच्या अखेरीस जॅक्सची आईच तिला तिच्याच स्वयंपाकघरात ठार करते. सटर यांनी शोकांतिका लिहिली, म्हणून हिशेब चुकवला नाही. बाहेर हिंसा आणि घरात माया अशी भिंत उभी राहत नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत दाखवले. मालिकेने लोकप्रिय केलेले हे जग प्रेमकादंबऱ्यांनी आनंदाने वापरले, शेवट मात्र बदलला. टारा जगली असती आणि सुखी झाली असती, असे त्या सांगतात. क्लब कसा बदलला असता, हे सांगायचे टाळतात.

कल्पित सोडून खऱ्या बाईचे ऐकायचे तर तीही सोय आहे. छायाचित्रकार डॅनी लायन साठच्या दशकात शिकागोच्या आउटलॉज क्लबमध्ये सामील झाले, तिथल्या माणसांची छायाचित्रे काढली, बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि १९६८ मध्ये 'द बाइकरायडर्स' हे पुस्तक काढले. त्यातल्या कॅथी नावाच्या बाईचे बोलणे जेफ निकोल्स यांनी त्याच नावाच्या चित्रपटाचा कणा केले. २०२४ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि जोडी कोमरने कॅथी साकारताना त्या जुन्या ध्वनिफितींवरून तिची बोली उचलली. चित्रपटात क्लबचा सभासद बेनी कॅथीला घरी सोडतो आणि रात्रभर समोरच्या बाजूला मोटरसायकलवर बसून राहतो. तिच्या घरात राहणारा मित्र चिडून सामान बांधून निघून जातो. पाच आठवड्यांत लग्न. प्रेमकादंबरीला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. पण कॅथी हे सगळे स्वतःवर वैतागत, हसत, हिशेब मांडत सांगते. एका पार्टीत क्लबमध्ये नव्याने आलेल्या मंडळींच्या तावडीतून ती थोडक्यात वाचते. वाचवायला नवरा नाही, अध्यक्ष जॉनी येतो. मग ती बेनीला सरळ विचारते, मी की क्लब? दुसरीकडे जॉनीला आपली गादी बेनीच्या हवाली करायची असते. बेनी दोघांपैकी कुणाच्याच मनासारखे करत नाही, गाव सोडून जातो. तो परततो तो जॉनी मारला गेल्यावर. संसार जुळतो तो क्लब मागे टाकून, फ्लोरिडात, दुरुस्तीच्या कामावर. क्लब आणि संसार एकत्र नांदल्याचे हा चित्रपट कुठेही दाखवत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की वाचकांना हे सगळे कळते. कादंबरी आणि आयुष्य यांतला फरक बायकांना समजावून सांगण्याचा आव कशाला? हा आक्षेप रास्त आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये 'रीडिंग द रोमान्स' या पुस्तकात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या मध्यमवर्गीय बायकांशी बोलून दाखवले, की त्यांच्यासाठी वाचन ही घरकामातून हक्काने काढलेली सुटी होती, आणि नायकाचा क्रूरपणा मर्यादेबाहेर गेला की त्या पुस्तक नापसंत करत. त्या भाबड्या नव्हत्या. पण त्याच अभ्यासात रॅडवे यांनी आणखी एक गोष्ट टिपली. आवडत्या कादंबऱ्यांत नायकाच्या सुरुवातीच्या तुसडेपणाचा अर्थ शेवटी नव्याने लावला जातो: तो दुखावलेला होता, प्रेमाला घाबरत होता म्हणून तसा वागला. अर्थ लावण्याचे हे काम नायिका करते आणि तिच्या मागोमाग वाचक. म्हणून 'आम्हाला फरक कळतो' हे उत्तर अपुरे पडते. गुंड आणि नवरा यांतला फरक सगळ्यांना कळतो. प्रत्येक वाईट वागण्यामागचे दुःख शोधायचे ही सवय मात्र पुस्तक मिटल्यावरही टिकू शकते, कारण घरीदारीही तीच शिकवली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जखमी माणसांनाच जखमी माणसे समजतात, आणि अशा पुस्तकांत स्वतःचे दुखणे सापडून बऱ्याच जणींना धीर येतो. मग हिशेब मांडून तो धीर का काढून घ्यायचा? धीर काढून घ्यायचा नाही. अत्याचारातून बाहेर पडलेली बाई इच्छा, राग आणि सुख यांसह कादंबरीच्या मध्यभागी उभी राहते, ही या प्रकाराची खरी कमाई आहे. प्रतिष्ठित साहित्याने तिला बहुधा फक्त बळी म्हणून पाहिले. पण समदुःख आणि सापळा यांतली रेघ पुसट असते, हेही लक्षात घ्यावे लागते. डोनाल्ड डटन आणि सुसान पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मारहाण होणाऱ्या संबंधांतली चिवट ओढ दोन गोष्टींनी उलगडली: एकाच्या हाती जास्त सत्ता, आणि छळ व माया यांची अधूनमधून आलटापालट. या कादंबऱ्यांतले कितीतरी प्रसंग याच दोन गोष्टींवर चालतात. उत्कटता म्हणून वाचकाला जे जाणवते, त्यात या यंत्रणेचा वाटा मोठा असतो. लेखिकेला हे माहीत असेल आणि तिने ते नायिकेलाही कळू दिले, तर त्यातून मोठी कादंबरी होऊ शकते.

राहिला प्रश्न बंदीचा. 'कबीर सिंग' या हिंदी चित्रपटाच्या वेळी २०१९ मध्ये आपण पाहिले, की अशा वादात लवकरच दोनच बाजू उरतात, बंद करा किंवा गप्प बसा. मराठी वाचकांना याचा जुना अनुभव आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. कोवळ्या वयाच्या वाचकाचे काय होईल या एकाच धास्तीने मोठ्यांचे वाचन ठरवता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता, आणि तो मला आजही मान्य आहे. या पुस्तकांना कुलूप नको, टीका हवी. त्यांच्याकडे साहित्य म्हणून पाहायचे तर निकषही साहित्याचाच लावायला हवा. माझा निकष साधा आहे. नायिका क्लबला न परवडणारे काहीतरी मागते, तिचे काम, तिचे गाव, मुलांसाठी वेगळे आयुष्य, तेव्हा नायक काय गमावतो? बहुतेक कादंबऱ्या ही वेळच येऊ देत नाहीत; शेवटच्या पन्नास पानांत बाहेरचा शत्रू आणतात, नायक तिला सोडवतो आणि तिची मागणी गोळीबारात विरून जाते. ज्या लेखिकेने हा शत्रू बाजूला ठेवून नायकाला त्या मागणीसमोर एकटे उभे केले, तिने दोन जखमी माणसांची प्रेमकथा लिहिली. बाकीच्यांनी एका जखमी पुरुषाच्या शुश्रूषेची गोष्ट लिहिली आहे, आणि तिला प्रेमकथा म्हणण्याची घाई आपण करू नये.