दिव्याखाली अंधार नको

मैत्रिणींनो, लडाख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पँगाँग सरोवर, उघडेबोडके डोंगर आणि सिनेमातली गाणी! गेल्या सप्टेंबरात आमच्या महिला मंडळाबरोबर मीही गेले, ती फोटो काढायच्याच हौसेनं. पण परत आले ती डोक्यात एक वेगळाच भुंगा घेऊन.

कारगिल आणि लेहच्या मधल्या एका गावात आम्ही दोन रात्री एका घरी उतरलो होतो. घरमालकीण साठीच्या पुढची. तिकडे आईच्या वयाच्या बाईला 'आमा-ले' म्हणतात. आम्हीही तशीच हाक मारू लागलो. घराच्या सपाट छपरावर हिवाळ्यासाठी रचून ठेवलेला चारा, शेणाच्या गोवऱ्या आणि त्यांच्या शेजारी सोलरची चार पॅनेलं. मला राहवेना. म्हटलं, "आमा-ले, इथं हिवाळ्यात पाणीसुद्धा गोठतं म्हणे, मग हे चालतं कसं?"

आमा-ले खुदकन हसली. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटी, याला उजेड लागतो, गरमी नाही लागत."

बी.ए. झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं! सोलर म्हणजे ऊन आणि ऊन म्हणजे उष्णता, असा माझा सरळ हिशेब. घरी आल्यावर पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं, तेव्हा कळलं की बाई अगदी खरं बोलत होती. पॅनेल तापलं की त्याची वीज कमी होते. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का घट. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात पॅनेल घामाघूम होतं, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये स्वच्छ उन्हात, कडाक्याच्या थंडीत ते खुशीत काम करतं. आजूबाजूच्या बर्फावरून परावर्तित झालेला उजेडही त्याच्या कामी येतो.

अर्थात थंडीचे नखरेही असतात. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, म्हणून त्याला जोडलेलं यंत्र सर्वांत थंड दिवसाचा हिशेब करूनच निवडावं लागतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो. लेहला डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर येतो. म्हणून आमा-लेची पॅनेलं चांगली उभट लावलेली. त्यामुळे ऊनही नीट पडतं आणि बर्फही घसरून जातो. उरलेला बर्फ ती मऊ झाडूनं काढते, अंगण झाडावं तसा. फावडं लावायचं नाही, गरम पाणी ओतायचं नाही. काच तडकते.

पण हे सारं तिला आधीपासून ठाऊक नव्हतं. खरी गोष्ट पुढेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी गावात पहिल्यांदा सोलर आलं. माणसं आली, पॅनेलं बसवली, घरधन्याला तासभर समजावलं, सही घेतली आणि गेली. आमा-लेला कुणी काही सांगितलं नाही. ती चहा करत होती! हिवाळ्यात नवरा कामासाठी बाहेरगावी. घरी ती, सासू आणि मुलं. बॅटरी बाहेरच्या पडवीत ठेवलेली. रात्र रात्र दिवे जळाले, बॅटरी पार उतरली आणि एका पहाटे गोठून फुटली.

यामागचं कारण आपणही समजून घेण्यासारखं आहे. आपल्या इन्व्हर्टरला असते तशी ॲसिडची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शून्याखाली ५० अंशांतही गोठत नाही. पण उतरली की आतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि शून्याखाली दहाच्या आसपासच त्याचा बर्फ होतो. नव्या लिथियम बॅटरीचं दुखणं वेगळं. ती शून्याखाली चार्ज केली तर बिघडते. एवढं एक वाक्य त्या बाईला सांगितलं असतं तर तिची बॅटरी वाचली असती. पुढची दोन वर्षं घरात अंधार. घरचं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत!

पुढे तिची सून हे काम शिकून आली. आता बॅटऱ्या स्वयंपाकघरामागच्या उबदार खोलीत, मेंढीच्या लोकरीनं वेढलेल्या पेटीत असतात, वर हवा खेळायला फट ठेवून. संध्याकाळी किती दिवे लावायचे, ते सासू-सुना ठरवतात.

बायकांना हे जमतं का, असं कुणी विचारलं तर राजस्थानातल्या तिलोनियाकडे बोट दाखवावं. तिथं १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजनं देशोदेशीच्या, अक्षरओळखही नसलेल्या आज्यांना रंग आणि खुणांच्या मदतीनं सहा महिन्यांत सोलरचं काम शिकवलं आहे. मग आपण तर शिकलेल्या!

आता आपल्या छपरांकडे वळू या. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. त्यात ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं, लडाखसारख्या भागांना थोडं जास्त. आपल्या गावांतूनही पॅनेलं दिसू लागली. पण माहिती द्यायला माणूस येतो तेव्हा विचारतो, "साहेब आहेत का घरात?" आणि आपणही आत जाऊन चहाचं आधण ठेवतो.

काही मैत्रिणी म्हणतील, "आधीच कामं थोडी आहेत का? त्यात आणखी हे कशाला?" म्हणणं खोटं नाही. पण काम तर आपल्याकडे येतंच. पॅनेलवरची धूळ कोण पुसणार? बॅटरीतलं पाणी कोण बघणार? मीटर बंद पडला की फोन कोण करणार? येत नाही ती फक्त माहिती आणि निर्णयातला वाटा. माझा आग्रह एवढाच, की ज्या हातांनी वस्तू सांभाळायची, त्या हातांना आधी शिकवा. सोलर बसवणाऱ्यांनी घरातल्या बाईलाही समजावून सांगितल्याशिवाय काम पुरं झाल्याची सही घेऊ नये.

तेव्हा पुढच्या वेळी चहा साहेबांना करू द्या आणि तुम्ही समोर बसा. विचारा, लाइन गेली तर हे चालेल का? कारण बॅटरी नसलेलं सोलर लाइनबरोबर बंद होतं, हे पुष्कळांना नंतर कळतं. पुसायचं कशानं, कधी? बिघडलं तर किती दिवसांत येणार? वॉरंटीचा कागद कुठं आहे? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. त्यात लाज कसली?

निघताना आमा-लेला 'जुले' म्हटलं. तिनं माझा हात धरून छपराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "पहिलं सोलर त्यांचं होतं. हे माझं आहे."